एकट्याने औजार जुंपायचंय, क्विक हिच लावलेल्या कुणाचा अनुभव आहे का?

वेलमांडव_निफाड
राम राम मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारायचंय. निफाड तालुक्यात अडीच एकर द्राक्ष, दीड एकर कांदा आणि एकच मिनी ट्रॅक्टर, २४ एचपीचा. औजारं चार आहेत, चार फुटी रोटर (रोटाव्हेटर), लिफ्टवरचा २०० लिटरचा फवारणीचा ब्लोअर, कांद्याचे बेड पाडायचं यंत्र आणि एक जुना पाच फणी कल्टीव्हेटर. ऑक्टोबर छाटणी झाली की निम्मा दिवस हे काढ आणि ते जोड यातच जातो. परवा रात्री पाऊस झाला, बाग चार-पाच पानांवर, पहाटेच डाऊनीचा (केवडा रोगाचा) फवारा मारायला हवा होता आणि ट्रॅक्टरला रोटर लावलेला. बायकोने बॅटरी धरली, मी पहार घेतली. ट्रॅक्टरच्या खालच्या हातात डावी पिन गेली, उजवी बोटभर मागे राहिली, ब्लोअर चिखलात रुतून बसलेला, हलेच ना. ट्रॅक्टर जरा मागे घेतला तर डावी निसटली. असं करत पाऊण तास गेला आणि शेवटी टॉप लिंक, म्हणजे वरचा तिसरा हात, बसवताना बोट दोन लोखंडांत सापडलं. नख गेलं, बोट वाचलं.

क्विक हिचच्या व्हिडिओत बघतो तर माणूस सीटवरून उतरतसुद्धा नाही, ट्रॅक्टर मागे घेतो, लिफ्ट उचलतो, कट् आवाज येतो आणि औजार लागलं. हे आपल्या मिनीला चालेल का? विकत घ्यावं का नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये बनवून घ्यावं? कुणी वापरलं असेल तर खरं खरं सांगा.

कांदेकरी_चांदवड
आमची क्विक हिच म्हणजे दोन भाचे आणि एक पहार, हाहा. दादा आधी सांगा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का?

बागलाणकर
क्विक कपलर लई दिवसांपासून वापरू राहिलो भाऊ, पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, धूळ. पाइपाच्या नर-मादी दोन्हीला टोपण पाहिजेच. माझ्या हायड्रोलिक पलटी नांगराचं टोपण हरवलं होतं, तसाच पाइप लावला, ती माती तेलात गेली आणि व्हॉल्व्हचं काम निघालं. अन् पाइप लागत नसला तर ठोकाठोक करू नका. उन्हात पडलेल्या पाइपात तेल तापून दाब धरतं म्हणून तो आत जात नाही. पाइप सोडायच्या आधीच औजार खाली टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोनदा पुढं-मागं हलवा, दाब उतरवून सोडला की पुढच्या वेळी हाताने बसतो. तेल कुठून फुसफुसतंय ते बोट लावून शोधायचं नाही, पुठ्ठा धरायचा. दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं, वरून टाचणीएवढंच दिसतं आणि आतून हात सडतो. असं झालं तर तडक दवाखाना.

वेलमांडव_निफाड
इंजेक्शन घेतलं दादा, त्याच दिवशी. बागलाणकर भाऊ, तुम्ही पाइपाचं सांगितलंत, कामाचंच आहे, पण मी औजार जोडायच्या हिचबद्दल विचारतोय. थ्री पॉइंटला, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या खालच्या दोन हातांना आणि वरच्या टॉप लिंकला लावतात ते.

बागलाणकर
अरे हो, गाडी दुसऱ्याच रस्त्याला गेली. असू द्या, ट्रॉलीवाल्यांना उपयोगी पडेल.

गोदाकाठ_सायखेडा
मला विचाराल तर क्विक हिचची गरजच नाही, जागा आणि पद्धत सुधारा. औजार मातीत सोडलं की ते वाकडं बसणारच. मी शेडसमोर दहा बाय बाराचा कोबा करून घेतलाय. रोटर त्याच्या स्टँडवर, ब्लोअरखाली चार चाकांची लोखंडी पाटी. औजार सुटलेलं असलं तर ब्लोअर मी एका हाताने इंचभर सरकवतो.

आणि क्रम चुकवू नका. आधी डावी पिन, कारण डाव्या हाताची उंची ठरलेली असते. मग उजवी, कारण उजव्या हाताला लेव्हलिंगची मूठ असते, ती फिरवून हात वर-खाली करून पिनेसमोर आणता येतो. टॉप लिंक सगळ्यात शेवटी, तीही फिरवून लांब-आखूड करायची, औजार ओढायचं नाही. काढताना बरोबर उलटं. आमच्याकडे निम्मे लोक आधी टॉप लिंक लावतात आणि मग खाली पहारीने झटापट करतात. शेवटी खालच्या हातांच्या साखळ्या आवळायच्या, नाहीतर रोटर ओळीत डोलतो आणि खोडाला लागतो. एवढं केलं तर दहा मिनिटांत काम होतं, पैसे वाचवा.

दिंडोरीची_लेक
सायखेड्याच्या दादांचं बरोबर आहे, पण सगळे दोन माणसं धरूनच बोलताय. माझे मालक अंबडला कंपनीत शिफ्टला असतात, सासरे थकलेत, मुलं शाळेत. ट्रॅक्टर मीच चालवते. चालवायला काहीच अवघड नाही, अवघड आहे ते जोडणं. लेव्हलिंगची मूठ फिरवते, टॉप लिंक फिरवते, पण औजार इंचभर बाजूला ओढायला लागलं तर माझी ताकद पुरत नाही. शेजारच्या भाऊंना हाक मारायची, ते कामात असले तर थांबायचं, आणि तोवर पाऊस येतो. दोन वर्षं असंच काढलं.

त्यात एकदा असं झालं. शेजारच्या पोराला ट्रॅक्टरवर बसवलं आणि मी मधे उभी राहून "ये, ये, थांब" करत होते. त्याचा पाय क्लचवरून निसटला. मागे ब्लोअरची टाकी, पुढे ट्रॅक्टरचं चाक आणि मधे मी. फूटभर अंतर राहिलं. त्या रात्री मालकांना सांगितलं की दुसरं काही घेऊ नका, पण हे आधी करा.

आम्ही त्रिकोणी बसवून घेतलंय. एक त्रिकोण ट्रॅक्टरच्या तिन्ही पॉइंटला कायमचा लावून ठेवलाय, दुसरा त्याच्यावर टोपीसारखा बसणारा त्रिकोण प्रत्येक औजाराला. लिफ्ट खाली करायची, त्रिकोणाचं टोक औजाराच्या त्रिकोणाखाली आणायचं आणि उचलायचं. टोक वर सरकत जातं तसं औजार आपोआप मधे येतं, दोन-तीन इंच इकडेतिकडे असलं तरी चालतं. वर खटका पडतो. त्याला दोरी बांधलीय, सोडताना सीटवरूनच ओढते. पीटीओचा शाफ्ट, म्हणजे इंजिनची फिरकी औजाराला देणारा दांडा, मात्र उतरून हातानेच लावावा लागतो, तो काही आपोआप लागत नाही. तो लावताना इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात, ओढणी कंबरेला घट्ट खोचलेली. वेळ किती वाचतो ते मी मोजलं नाही. कुणाची वाट बघावी लागत नाही एवढं मात्र खरं.

कांदेकरी_चांदवड
ताई, वाचून अंगावर काटा आला. आमचे भाचे असेच मधे उभे राहतात. आजपासून बंद.

सातपूरचा_वेल्डर
बारा वर्षं औजारांचीच कामं करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण नुसतं क्विक हिच म्हटलं की गिऱ्हाईक व्हिडिओ दाखवतं आणि त्याला हवं असतं दुसरंच.

एक असते चौकट, उलट्या यू सारखी. ट्रॅक्टरच्या तीन पॉइंटला ती चौकट, चौकटीला वर एक आकडा आणि खाली दोन. औजाराच्या पिना या आकड्यांत येऊन बसतात. औजाराला काही वेल्डिंग लागत नाही, फक्त पिनेवर बुश चढवायचे. पण तिन्ही आकडे जागच्या जागी पक्के असतात, त्यामुळे तुमच्या सगळ्या औजारांचं मापही तेवढंच पाहिजे, खालच्या दोन पिनांमधलं अंतरही आणि वरच्या पिनेची उंचीही. आपल्याकडे गावागावात औजारं बनतात, प्रत्येकाची उंची वेगळी, म्हणून इथे चौकट अडते.

दुसरा ताईंचा त्रिकोण. यात प्रत्येक औजाराला एक त्रिकोण करावा लागतो, पण मग औजाराची मापं काहीही असोत. गावठी औजारांना हा बरा.

तिसरी पद्धत आपल्याकडे कमी दिसते, बाहेरच्या मोठ्या ट्रॅक्टरांना असते. खालच्या हाताच्या टोकाला बॉलऐवजी वर तोंड असलेला आकडा असतो, बॉल औजाराच्या पिनेवर आधीच चढवून ठेवायचा. हात खालून वर आला की बॉल आकड्यात बसतो आणि खटका लागतो. यात लांबी जवळजवळ वाढत नाही. पण हे आकडे ठोकून घडवलेल्या पोलादाचे असतात. साध्या प्लेटमधून गॅसने कापून मी देणार नाही, कुणी दिले तरी घेऊ नका.

दादा, आधी टेप घ्या आणि चारही औजारं मोजा. पिनेची जाडी, दोन पिनांच्या आतल्या खांद्यांमधलं अंतर आणि खालच्या पिनेपासून वरच्या भोकापर्यंतची उंची. मापं मानकाची असतील तर कॅटेगरी १ ला खालची पिन २२ मिमी, वरची १९, अंतर ६८३ मिमी म्हणजे २७ इंचाला थोडं कमी. कॅटेगरी २ ला २८ आणि २५, अंतर ८२५ म्हणजे साडेबत्तीस इंच. बागेतल्या अरुंद ट्रॅक्टरांना १-एन म्हणून असतं, पिना १ च्याच पण अंतर ४०० मिमी. मोजल्याशिवाय रुपया काढू नका.

यंत्रवेडा_नाशिकरोड
वेल्डरदादांनी लांबीचा विषय काढला तो मिनीवाल्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. चौकट असो की त्रिकोण, औजार ट्रॅक्टरपासून मागे जातं, साधारण चार इंच धरा. चार इंच ऐकायला काहीच नाही, पण हिशोब बघा. २०० लिटर पाणी भरलेला ब्लोअर मशीनसकट ३५० किलो धरू आणि पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर ६० इंच. वजन चार इंच मागे सरकलं की पुढची चाकं ३५० गुणिले ४ भागिले ६०, म्हणजे सुमारे २३ किलोने आणखी हलकी होतात. त्रिकोणाचं स्वतःचं वजन वेगळंच. बागेच्या टोकाला वळताना स्टिअरिंग हलकं लागतं, ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो, ते याच्यामुळे. पुढे वजनं लावून घ्या.

कॅटलॉगमधल्या लिफ्टच्या आकड्यावरही जाऊ नका. तो बऱ्याचदा हाताच्या अगदी टोकाला मोजलेला असतो. टोकापासून ६१० मिमी मागे, म्हणजे जिथे औजाराचं वजन खरं पडतं तिथे, तोच ट्रॅक्टर कमी उचलतो.

आणि शाफ्ट. औजार मागे गेलं की शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत कमी राहतात. काम करताना निदान एक तृतीयांश लांबी आत हवी. नाहीतर रोटर खड्ड्यात उतरला की नळ्या सुटतात आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरणारी नळी कुणाला ओळखत नाही. त्रिकोण लावल्यावर रोटर पूर्ण खाली आणि पूर्ण वर, दोन्हीकडे शाफ्ट तपासा. कमी पडत असेल तर लांब शाफ्ट घ्या, नळीला जोड देऊन वाढवू नका.

येवल्याचा_गडी
वेल्डिंगचा माझा अनुभव सांगतो. एका ओळखीच्या वर्कशॉपमधून स्वस्तात त्रिकोण करून घेतला होता मोठ्या ट्रॅक्टरला. पलटी चालू होती, जमीन मुरमाड, फाळ दगडाला लागला आणि वरच्या टोकाचा जोड फाटला. पलटी खाली पडून राहिली, ट्रॅक्टर पुढे. शेतात कुणी नव्हतं म्हणून बरं. नंतर पाहिलं तर आत वेल्डिंग पोचलंच नव्हतं, वरवर माळ ओढलेली. रंग मारल्यावर कळणार कसं? त्यामुळे रंग मारायच्या आधी जाऊन बघा.

सातपूरचा_वेल्डर
येवलेकर, बरोबर बोललात. कडा तिरप्या घासून आतपर्यंत भरावं लागतं आणि कोपऱ्याला पाचर लावावी लागते. पलटी आणि सबसॉयलरला (जमीन खोल फोडणारं औजार) मी स्वतः त्रिकोण द्यायला का-कू करतो. ती औजारं वर्षातून दोनदा लागतात, सरळ पिनेवर लावा. रोज बदलायच्या औजारांसाठी हे आहे.

गोदाकाठ_सायखेडा
दिंडोरीच्या ताई, मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. घरात दोघं भाऊ आहोत, त्यामुळे एकट्या माणसाचा विचार डोक्यात आला नव्हता. कोबा मात्र करा बरं का, त्रिकोणालाही सपाट जागा लागतेच.

दिंडोरीची_लेक
हो दादा, अंगणात फरशा टाकल्यात. औजार तिरकं उभं राहिलं तर त्रिकोणाचं टोक अडकतं, हे खरंच आहे.

जुनं_खोड_पिंपळगाव
पोरांनो, वाचत होतो. आमच्याकडे खिल्लारी जोडी होती. वडील जू उचलून धरायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे, डावा बैल स्वतः दोन पावलं मागे येऊन मान खाली घालायचा. शिवळा घातल्या की झालं. उजवा थोडा आळशी, पण डाव्याला बघून तोही यायचा. १९७८ साली ट्रॅक्टर आला तेव्हा वडील म्हणाले होते, हा काही मान खाली घालत नाही, याला आपणच वाकायचं. ताईंचा त्रिकोण वाचून तेच आठवलं.

तुमची थ्री पॉइंटची कल्पना हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयर्लंडच्या माणसाची. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता साखळीला किंवा दांडीला ओढायचे. फाळ खडकाला अडला की मागची चाकं फिरत राहायची आणि ट्रॅक्टर पुढून उचलून चालवणाऱ्याच्या अंगावर यायचा. फर्ग्युसनने खाली दोन हात आणि वर तिसरा दिला, म्हणजे नांगर अडला की वरचा हात ट्रॅक्टरलाच पुढे रेटतो आणि पुढची चाकं जमिनीला दाबून राहतात. १९३८ साली हेन्री फोर्डबरोबर नुसतं हातात हात देऊन करार झाला आणि १९३९ ला तो ट्रॅक्टर बाजारात आला. पुढे दोघांत कोर्टकचेरी झाली ते सोडा. सांगायचं हे, की वरचा हात नुसता औजार टेकवायला नाही, तो तुमचा जीव वाचवायला आहे. म्हणून टॉप लिंकच्या जागी तार बांधणं, तिला दोर लावून झाड ओढणं, असले प्रकार कुणी करू नका. ओढायचं असेल तर ड्रॉबारला, म्हणजे मागच्या ओढायच्या दांडीला, खालून.

कांदेकरी_चांदवड
आबा, बैल मान खाली घालायचा हे वाचून आमचा सर्जा आठवला. अगदी तसाच होता.

बागलाणकर
ड्रॉबारवरून आठवलं. ज्यांचा ब्लोअर ओढायचा, म्हणजे दोन चाकांवरचा ५००-६०० लिटरचा आहे, त्यांना याचा फायदा नाही. तो एका पिनेवर लागतो. उलट त्रिकोण हातावर तसाच राहिला तर वळताना ब्लोअरच्या दांडीला लागतो. काढून ठेवावा लागेल किंवा लिफ्ट पूर्ण वर करून लॉक.

वेलमांडव_निफाड
सगळ्यांचे आभार. आज चारही औजारं मोजली आणि डोळेच उघडले. रोटर सगळा कॅटेगरी १ च्या मापात. बेडचं यंत्रही त्यातच, पण वरच्या भोकाची उंची रोटरपेक्षा दोन इंचाने जास्त. ब्लोअरच्या पिना २२ च्या पण अंतर २५ इंच, बनवणाऱ्याने अंदाजाने ठोकलंय. आणि कल्टीव्हेटर! तो मोठ्या ट्रॅक्टरचा जुना, माझ्या आधीच्या मालकाने त्याच्या २८ च्या पिना काढून २२ च्या बसवलेल्या, पण अंतर राहिलं ३२ इंच. म्हणजे पाच वर्षं मी मिनीचे हात बाहेर ताणून ताणून तो जोडत होतो आणि नशिबाला दोष देत होतो. हात आतून टायरला घासल्याच्या खुणासुद्धा आज दिसल्या.

वेल्डरदादा, याला चौकट नाहीच चालणार ना?

सातपूरचा_वेल्डर
नाही चालणार. चार औजारं, चार मापं. त्रिकोण करा, पण आधी कल्टीव्हेटरच्या पिनांच्या पट्ट्या कापून २७ इंचात घ्या, ते काम तुमच्या गावातला वेल्डरही करेल. त्रिकोण किलोच्या भावाने पडतो, म्हणून उगाच जाडजूड करू नका, मिनीला वजन नको. ब्लोअरला त्रिकोण लावताना टाकी जितकी पुढे सरकवता येईल तितकी सरकवून घ्या, म्हणजे गेलेले चार इंच तिथे परत मिळतील.

यंत्रवेडा_नाशिकरोड
टाकी पुढे घ्यायची युक्ती एकदम छान. फक्त शाफ्ट तिरका होत नाही ना ते बघा. शाफ्टचा गुटका (क्रॉस जॉइंट) जास्त कोनात फिरला की खडखडतो आणि लवकर जातो.

वेलमांडव_निफाड
तीन आठवड्यांनी लिहितोय, मधे फवारण्याच फवारण्या होत्या. रोटर, ब्लोअर आणि बेडचं यंत्र तिघांना त्रिकोण झाला. रंगाआधी स्वतः जाऊन जोड बघितले. कल्टीव्हेटर २७ इंचात आणून पिनेवरच ठेवलाय, आता तो जोडताना हात ताणावे लागत नाहीत. ब्लोअरची टाकी तीन इंच पुढे आली, पुढे ४० किलोची वजनं लावली, वळणं पहिल्यासारखीच बसतात. रोटरचा शाफ्ट मात्र कमी पडला, नवा घ्यावा लागला, हा खर्च मी धरलाच नव्हता.

परवा पुन्हा पहाटे फवारा होता. मी ब्लोअरला दोनदा टोक चुकवलं, तिसऱ्यांदा बसलं. उतरून शाफ्ट लावला, खटका हाताने हलवून बघितला, साखळ्या आवळल्या. बायको उठली तोवर मी पाचव्या ओळीत होतो.

दिंडोरीची_लेक
छान झालं दादा. महिनाभरात टोक चुकायचं बंद होतं. मी ट्रॅक्टरच्या त्रिकोणाच्या टोकाला पांढरा रंग लावलाय, मागे वळून बघताना अंधारातही दिसतो. आणि खटक्याची स्प्रिंग एक जादा आणून ठेवा, माझी ऐन छाटणीत तुटली होती.

वेलमांडव_निफाड
ताई, पांढरा रंग आजच लावतो. स्प्रिंग कुठल्या मापाची तेवढं सांगा, उद्या पिंपळगावला चाललोय.